देव आहे हे लॉजिकने सिद्ध होतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी गणपतीत आमच्याकडे आरतीनंतर एक वाद ठरलेला असतो, एका बाजूला माझे मेहुणे (कडक नास्तिक, पण उकडीचे मोदक सर्वात जास्त तेच खातात) आणि दुसऱ्या बाजूला वारी करणारे काका. मी मधे. गेली बरीच वर्षं तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचे लिहून काढतोय, पुढच्या वर्षी नुसतं हे वाचायला द्यायचं.

आधी हे सांगा, तुम्ही स्वतः देव मानता का?

हा प्रश्न नेहमी पहिला येतो कारण समोरच्याला आधी ठरवायचं असतं की मला कुठल्या खान्यात टाकायचं. तर हातचं न राखता सांगतो, देव आहे हे मला कुणी सिद्ध करून दाखवलेलं नाही, आणि नाही हेही नाही. वारीत एखादा दिवस दिवेघाट चढतो, बरं वाटतं. पण बरं वाटणं हा पुरावा नाही हे मला कळतं, आणि माझ्या काकांनाही कळतं, लोक समजतात तितके वारकरी भोळे नसतात.

देव आणि तर्क यांचं भांडण इंग्रजांनी आणलं ना? आपल्याकडे तर नुसती श्रद्धा होती.

अजिबात नाही. उलट आपल्याकडे या विषयावर हजारेक वर्षं जी मारामारी झालीये ती बघितली तर आजचे टीव्हीवरचे वाद बालवाडी वाटतील. न्याय दर्शनवाले (तर्कशास्त्र हाच ज्यांचा प्रांत) एका बाजूला, बौद्ध दुसऱ्या, मीमांसक (वेदातल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणारे) तिसऱ्या, जैन चौथ्या, आणि देव-परलोक काहीच न मानणारे चार्वाक सगळ्यांनाच हसत बसलेले.

न्याय दर्शनातले मिथिलेचे उदयनाचार्य, साधारण दहावं-अकरावं शतक, यांनी न्यायकुसुमांजली नावाचा आख्खा ग्रंथ ईश्वर सिद्ध करायला लिहिला. त्यांची एक दंतकथा मला फार आवडते. ते जगन्नाथपुरीला दर्शनाला गेले तर दरवाजा बंद. म्हातारा चिडला आणि देवालाच सुनावलं की ऐश्वर्याचा माज चढलाय तुला, आज माझा अपमान करतोस, पण ते बौद्ध आले ना की तुझं असणं माझ्यावरच अवलंबून आहे. खरं घडलं की नाही सोडा, पण ही गोष्ट भक्तांनीच जपून ठेवलीये, म्हणजे बघा, देव तर्काच्या जिवावर उभा आहे असं म्हणायची हिंमत आणि ते ऐकून हसायची सवय दोन्ही होत्या आपल्याकडे.

मग उदयनाचार्यांनी देव सिद्ध केला का?

त्यांच्याकडे युक्तिवाद बरेच आहेत, पण मुख्य सोपा आहे. मडकं दिसलं की कुंभार असणार हे आपण धरतो, पट दिसला की विणकर. म्हणजे जे जे ‘कार्य’ आहे, घडवलेलं आहे, त्याला कर्ता असतो. आता पृथ्वी, डोंगर, अंकुर हेही भाग जोडून बनलेले आहेत, म्हणजे कार्यच आहेत, म्हणजे त्यांनाही कर्ता हवा, आणि एवढं सगळं बनवायची अक्कल असलेला कर्ता म्हणजे ईश्वर.

ऐकायला पटतं. पण त्यांच्या कित्येक शतकं आधी धर्मकीर्ती या बौद्ध पंडिताने यातली गोम पकडून ठेवली होती. तो म्हणतो, मडकं मातीचं असतं आणि कुंभार बनवतो हे आपण पाहिलंय, म्हणून मडक्यावरून कुंभार ओळखतो. पण उद्या वारूळ दिसलं, तेही मातीचंच, तर तेही कुंभाराने केलं म्हणणार का? म्हणजे नुसतं ‘आकार आहे’ एवढ्यावरून चालत नाही, त्या प्रकारची वस्तू कुणी बनवताना तुम्ही आधी पाहिलेली लागते. आणि जग बनवताना कुणी पाहिलंय? पुढे १७७९ साली छापलेल्या एका पुस्तकात स्कॉटलंडचा तत्त्वज्ञ ह्यूम जवळपास हेच बोलतो, घर बघून गवंडी ओळखता कारण घरं बांधताना पाहिलीत, विश्वं बनताना नाही पाहिली. धर्मकीर्तीच्या नंतर हजारएक वर्षांनी!

नैयायिक, म्हणजे न्यायवाले, गप्प बसले असं नाही, त्यांनी उत्तरं दिली, बौद्धांनी उलट उत्तरं दिली, हे शतकानुशतकं चाललं. पण मला सर्वात भावतो तो उदयनाचार्यांच्या ग्रंथाचा शेवट. सगळी भांडणं झाल्यावर ते देवाला सांगतात की हे जे तुझ्या विरुद्ध बोलतात ना, तेसुद्धा सतत तुझाच विचार करत असतात, तर वेळ आली की त्यांच्यावरही दया कर. मेहुण्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले म्हणजे माझी पण सोय झाली.

पण भक्त लोक तरी या पुराव्यांवर खूश असतील ना?

इथेच तर खरी मजा आहे. रामानुजाचार्य, ज्यांच्याइतका विष्णूचा पक्का भक्त शोधून सापडणार नाही, ते श्रीभाष्यात (वेदान्ताच्या ब्रह्मसूत्रांवरचं त्यांचं भाष्य) हा मडकं-कुंभारवाला पुरावा स्वतः मोडून काढतात. त्यांचं म्हणणं असं की कार्याला कर्ता लागतो हे मान्य केलं तरी तो एकच कशावरून? मोठा वाडा अनेक जण मिळून बांधतात. एकाच वेळी बांधला कशावरून? शिवाय आपण पाहिलेले सगळे कर्ते देहवाले असतात, मग ईश्वरालाही देह चिकटवणार का? थोडक्यात अनुमानाने, म्हणजे तर्काने, ईश्वर मिळत नाही, तो शास्त्रातूनच कळतो.

शंकराचार्यांचा रोखही तोच. नुसत्या तर्काला बूड नसतं, एका हुशार माणसाने रचलेला तर्क त्याच्याहून हुशार माणूस येऊन पाडतो, आणि त्यालाही पाडणारा कोणीतरी येतोच.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जरा चक्रावलोच, कारण आपल्या डोक्यात असं बसलेलं असतं की पुरावे मोडतो तो नास्तिक. इथे तर पुरावे मोडणारेच देवाच्या सर्वात जवळचे. म्हणजे ‘देव सिद्ध होत नाही’ आणि ‘देव नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि आपल्या घरातली निम्मी भांडणं ही दोन वाक्यं एकच समजल्यामुळे होतात.

(हां, यावर मेहुण्यांचा प्रश्न रास्त आहे की शास्त्रावर विश्वास का ठेवायचा. ते शास्त्र खरं आहे हे कशावरून, तर ईश्वराचं आहे म्हणून, आणि ईश्वर कशावरून, तर शास्त्रात आहे म्हणून, हे गोल फिरणं झालं. माझ्याकडे याला उत्तर नाही.)

आस्तिक म्हणजे देव मानणारा, बरोबर?

आज बोलताना हो. जुन्या दर्शनांमध्ये नाही, तिथे आस्तिक म्हणजे वेद मानणारा. म्हणून पूर्वमीमांसक (वर आलेले मीमांसक तेच) आस्तिक, आणि तरीही जग निर्माण करणारा देव त्यांना मान्य नाही. वेद कुणीच रचलेले नाहीत, ते आपोआप कायम आहेत असं त्यांचं मत, मग लेखक म्हणून देवाची गरजच उरली नाही. त्यांचे जुने भाष्यकार शबरस्वामी तर म्हणतात देवतेला शरीर नसतं, ती नैवेद्य खात नाही, फळही देत नाही, फळ मिळतं ते यज्ञकर्मातून. यज्ञ करणारे लोक हे म्हणतायत! सांख्य हेही आस्तिक दर्शन, त्याच्या सांख्यसूत्रातही ईश्वर सिद्ध होत नाही असं सरळ सूत्र आहे. जैन तर निर्माता मानतच नाहीत.

संतांनी मात्र तर्काला झोडपलंय ना? ‘तर्क सोडा, नाम घ्या’ वगैरे.

वितंडवादाला झोडपलंय. ज्ञानेश्वरी उघडा, पहिल्याच अध्यायात गणपतीचं रूपक आहे, त्यात सगळी दर्शनं त्याचे हात आहेत आणि ‘तर्कु तोचि फरशु’, म्हणजे हातातला परशू हा तर्क. ज्याला तर्काची अॅलर्जी असेल तो गणपतीच्या हातात तर्क देईल का? परशू कापायला असतो, त्याने पोट भरत नाही, त्यासाठी दुसऱ्या हातात मोदक आहे आणि तो वेदान्ताचा आहे. इतकं नेमकं सांगितलंय ७०० वर्षांपूर्वी.

आणि तुकोबा. ‘आहे ऐसा देव वदवावी वाणी, नाही ऐसा मनी अनुभवावा’, हे वाक्य मी काकांना विचारलं की याचा अर्थ काय. त्यांनी अर्धा तास निरूपण केलं, त्यातलं मला कळलं ते एवढंच की देव ‘वस्तू आहे’ अशा अर्थाने आहे की नाही हा प्रश्नच तुकोबांना तोकडा वाटत असावा. अर्थात यावर कीर्तनकारांची मतं वेगवेगळी आहेत, माझं हे फायनल समजू नका. देवावर रागावून ‘माझे लेखी देव मेला’ म्हणणारेही तेच तुकोबा आहेत. श्रद्धा म्हणजे कायम मान डोलावणं असं ज्यांना वाटतं त्यांनी गाथा नीट वाचलेली नाही.

जाऊ दे ना, मानून टाकलं तर आपलं काय जातं? असला तर फायदा, नसला तर नुकसान नाही.

ही पास्कलची पैज. फ्रान्सचा गणिती, सतराव्या शतकातला. आपल्याकडेही या धर्तीचं सुभाषित आहे, परलोक असो नसो पाप टाळावं, नसला तर काय बिघडलं, असला तर नास्तिक मेला.

दोन अडचणी आहेत. एक, कोणता देव? पास्कलपुढे दोनच पर्याय होते, आपल्यापुढे खंडोबा ते येशू ते अल्ला, आणि एकाला मानलं तर दुसरा रागावणारच नाही याची गॅरंटी कोण देणार. दुसरी, हा चक्क सौदा आहे, पॉलिसी काढल्यासारखा. देव असेलच आणि त्याला मनातलं कळत असेल तर हा हिशोबही कळेल की. पास्कलला बिचाऱ्याला माहीत होतं की विश्वास ठरवून ठेवता येत नाही, म्हणून तो म्हणतो आधी विश्वास असल्यासारखं वागा, प्रार्थनेला जा, हळूहळू येईल. हे मात्र अगदी खोटं नाही, दिवेघाटात टाळ वाजायला लागले की मलाही तसंच होतं.

नवस बोललो, काम झालं. हा पुरावा नाही का?

नाही, सॉरी. ज्यांचं काम झालं ते नवस फेडायला येतात, गर्दी त्यांची दिसते. ज्यांचं नाही झालं ते घरी बसतात, त्यांची रांग कुठे लागत नाही. पुरावा म्हणायचा तर दोन्ही मोजावे लागतील, आणि नवस न बोलताच ज्यांचं काम झालं तेही. तुकोबांनी हे एका ओळीत संपवलंय, ‘नवसे कन्या पुत्र होती, तरी का करणे लागे पती’.

इथे मी मेहुण्यांच्या बाजूला आहे, पूर्णपणे. देव आहे का हा तपासता न येणारा प्रश्न असेल, पण ‘या देवाने हे हे केलं’ हे वाक्य जगाबद्दल आहे आणि जगाबद्दलची वाक्यं तपासता येतात. २१ सप्टेंबर १९९५ आठवतो का, गणपती दूध प्यायला लागला तो दिवस? आमच्या आळीत दूध संपलं होतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून दाखवलं की चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणामुळे दूध वर ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ थराने खाली ओघळतं, पांढऱ्या दगडावर पांढरं दूध दिसत नाही एवढंच.

आणि पत्रिका?

हे तर मोजूनच झालंय. खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांनी अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) मदतीने हा प्रयोग केला, २०० मुलांच्या पत्रिका, त्यातली १०० हुशार आणि १०० मतिमंद. ज्योतिषांना ४०-४० पत्रिका दिल्या, फक्त ओळखायचं कुठली कुणाची. २७ जणांनी उत्तरं पाठवली, सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. यात देवाचा काही संबंध नाही पण लोक पत्रिका आणि देव एकाच पिशवीत टाकतात म्हणून इथे लिहिलं.

पण मोठमोठे शास्त्रज्ञ देव मानतात, त्याचं काय?

मानतात. इस्रोचे अध्यक्ष उड्डाणाआधी तिरुपतीला जाऊन येतात. गणितज्ञ रामानुजन म्हणायचा की नामगिरी देवी स्वप्नात येऊन सूत्रं देते, आणि त्याला केंब्रिजला बोलावणारा तिथला गणितज्ञ हार्डी पक्का नास्तिक. पण गंमत अशी की देवीने दिलेलं सूत्रही हार्डी सिद्धता मागूनच स्वीकारायचा, आणि रामानुजनची काही सूत्रं चुकीची निघालीसुद्धा. सूत्र कुठून आलं हे महत्त्वाचं नसतं, ते टिकतं का हे असतं.

अजून एक नमुना लमेत्र. बेल्जियमचा कॅथलिक पाद्री आणि बिग बँगच्या कल्पनेचा जनक. १९५१ साली पोपनी भाषणात त्या सिद्धांताचा संबंध निर्मितीशी जोडला तेव्हा याच पाद्रीबुवांना ते आवडलं नाही, कारण उद्या सिद्धांत बदलला तर देवाचं काय करणार? आपले नारळीकर तर बिग बँगच मानत नव्हते. विज्ञानाच्या खुंटीला देव टांगला की खुंटी हलली की देव पडतो. घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी आहे असं १८०२ मध्ये पेली या इंग्रज पाद्रीने लिहिलं आणि १८५९ मध्ये डार्विनने प्राण्यांच्या बाबतीत ती खुंटीच काढून घेतली.

महात्मा फुले नास्तिक होते ना?

नाही हो, हा गैरसमज फार आहे. ते ‘निर्मिक’ मानत, एकच, सगळ्यांना निर्माण करणारा. १८७३ च्या सत्यशोधक समाजाचा गाभाच तो होता की निर्मिक आणि माणूस यांच्यात भट दलाल नको. म्हणजे फुल्यांनी तर्काचा परशू देवावर नाही चालवला, मधल्या माणसावर चालवला. आणि एकाच बापाची लेकरं म्हणून सगळे सारखे, हा त्यांचा समतेचा पाया.

समाजसुधारक आगरकर मात्र वेगळे. ईश्वराबद्दल आपल्याला काही कळू शकत नाही, तेव्हा बुद्धीला पटेल तेच करायचं, ही त्यांची लाइन. पुण्यातल्या लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. १८९५ ला गेले, चाळिशीही गाठली नाही. देव न मानणाऱ्याला नीती कुठून येणार असं कुणी म्हटलं की मी फक्त आगरकरांचं नाव घेतो, पुढे बोलायची गरज पडत नाही.

अंनिस देवाच्या विरोधात आहे का?

संघटना म्हणून नाही. डॉ. दाभोलकर हे वर्षानुवर्षं सांगत आले की देवाधर्माबाबत समिती तटस्थ आहे, संविधानाने उपासनेचा हक्क दिलाय, विरोध आहे तो शोषणाला. देवाला रिटायर करा म्हणणारे डॉ. श्रीराम लागू त्यांच्याच व्यासपीठावर बसायचे, आणि दोघं गावोगाव जाहीरपणे हा मतभेद लोकांपुढे मांडायचे, असा वाद आता दुर्मीळ. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि इतकी वर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. त्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, पण ती नरबळी, अघोरी प्रकार, भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण वगैरेंना. वारी, कीर्तन, भजन, प्रवचन यांना कायद्यानेच स्पष्ट वगळलंय. ‘सत्यनारायण घातला तर जेल’ असले फॉरवर्ड अजून येतात, डिलीट करा.

देव आहे तर किल्लारी का झालं?

हा एकच प्रश्न असा आहे की ज्यावर आमच्याकडे कोणी चेष्टा करत नाही. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास. रात्री विसर्जन करून, गणपतीला निरोप देऊन लोक झोपलेले. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड धाबं, ते सगळं अंगावर. लातूर-उस्मानाबादमध्ये दहा हजारांच्या घरात माणसं गेली. १७५५ मध्ये पोर्तुगालच्या लिस्बनला भूकंप झाला तोही सणाच्या दिवशी सकाळी, लोक चर्चमध्ये असताना, आणि त्याने युरोपातल्या विचारवंतांची झोप उडवली होती.

आपल्याकडचं जुनं उत्तर ब्रह्मसूत्रात आहे. देव पक्षपाती नाही, निर्दयही नाही, शंकराचार्य म्हणतात तो पावसासारखा, पाऊस सगळीकडे सारखा पडतो, पण भात उगवेल की जव हे बीजावर, म्हणजे ज्याच्या त्याच्या कर्मावर. लॉजिक म्हणून नीटनेटकं आहे. पण ढिगाऱ्याखालून काढलेल्या तान्ह्या पोराच्या आईला जाऊन हे सांगून बघा. म्हणजे तुझ्या लेकराचंच काहीतरी पाप होतं असा त्याचा अर्थ होतो, आणि तो मला सहन होत नाही. आणि मागच्या जन्माचं पाप त्याच्या मागच्या जन्मामुळे, असं मागे मागे ढकलत गेलं की उत्तर कुठे थांबतच नाही, सूत्रकार म्हणतात संसार अनादी आहे, म्हणजे थांबायचंच नाही.

मेहुणे म्हणतात एवढं पुरे आहे, देव नाही. काका त्या वेळी मदतीला गेले होते, ते म्हणतात ज्यांचं सगळं गेलं त्यातल्या कितीतरी माणसांनी पत्र्याच्या शेडमध्ये पहिल्यांदा देवाची तसबीर टांगली. मेहुणे म्हणतात, तो पुरावा नाही. काका म्हणतात, मी कुठे पुरावा म्हणालो.

मुलं विचारतात तेव्हा काय सांगायचं?

खरं तेवढं सांगा, जास्तीचं पेरू नका. ‘देवबाप्पा शिक्षा करेल’ हे तर मुळीच नको, तुमचं काम देवाच्या गळ्यात का. माझी मुलगी सहा वर्षांची होती तेव्हा तिने विचारलं गणपती कुठून आला. मी म्हटलं पेणहून, तिथल्या काकांनी शाडूचा बनवलाय. मग देवाला माणसाने बनवलं? मी म्हटलं मूर्तीला बनवलं. आणि देवाला कुणी बनवलं? मी मडकं, कुंभार, वारूळ सगळं डोक्यात आणलं आणि म्हटलं, बाई गं, यावर लोक हजार वर्षं भांडतायत, तूही मोठी झालीस की भांड. तेवढ्यात काकांनी घंटा वाजवली आणि मेहुण्यांनी नेहमीप्रमाणे झांजा उचलल्या.